सुनावणी झाली, निर्णय राखून ठेवला आणि आयुक्त निवृत्त होत आहेत: पुढे काय?

गावच्या नळपाणीपुरवठा योजनेची मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागून तुम्हाला अडीच वर्षे झाली. जन माहिती अधिकाऱ्याने उत्तर दिले नाही, प्रथम अपिलाला तारीखच लागली नाही, द्वितीय अपील मात्र चार महिन्यांपूर्वी एकदाचे ऐकले गेले आणि राज्य माहिती आयुक्तांनी ‘निर्णय टपालाने कळवू’ एवढे सांगून फाईल मिटली. आता ते पुढच्या महिन्यात निवृत्त होत असल्याचे तुमच्या कानावर आले आहे. आयुक्तांची मुदत तीन वर्षांची असते की पाच, ते गेल्यावर तुमच्या अपिलाचे काय होते, आणि इतका उशीर लावणाऱ्या आयुक्ताला मुदतीआधी हटवता येते का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

मी वकिली करतो आणि गेली चौदा-पंधरा वर्षे माहिती अधिकाराची द्वितीय अपिले चालवतो. तुमच्यासारखा प्रश्न दर दीड-दोन वर्षांनी, राज्य माहिती आयोगाच्या कुठल्या ना कुठल्या खंडपीठातले आयुक्त निवृत्तीला आले की, माझ्याकडे येतोच. त्यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती आधी सांगतो. आयुक्त जाणार आहेत ही अडचण नाही. त्यांचा जाण्याचा दिवस त्यांनी शपथ घेतली त्याच दिवशी ठरलेला असतो आणि तो कुणालाही मोजता येतो. अडचण आहे ती त्यांच्यामागे रिकाम्या राहणाऱ्या खुर्चीची. त्यामुळे तुमच्या हातात असलेला हा एक महिना कशासाठी वापरायचा, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

प्रथम मुदतीचे पाहू. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये मूळ तरतूद अशी होती की आयुक्त पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, पदावर राहतील. केंद्रातील आयुक्तांसाठी हे कलम १३ मध्ये आहे आणि राज्यातील आयुक्तांसाठी कलम १६ मध्ये. २०१९ च्या दुरुस्तीने ‘पाच वर्षे’ हे शब्द काढून त्या जागी ‘केंद्र सरकार विहित करील अशी मुदत’ असे शब्द घातले, आणि २४ ऑक्टोबर २०१९ पासून अमलात आलेल्या नियमांनी ती मुदत तीन वर्षे ठरवली. ६५ वर्षांची मर्यादा तशीच राहिली, फेरनियुक्तीवरील बंदीही तशीच राहिली. दुरुस्तीपूर्वी नेमलेल्या आयुक्तांना जुनीच मुदत लागू होती, पण त्यांतल्या शेवटच्याचीही पाच वर्षे २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत संपली. त्यामुळे आज पदावर असलेल्या कोणत्याही राज्य माहिती आयुक्ताबाबत तुम्ही तीन वर्षे किंवा ६५ वय हाच हिशेब करा.

हा हिशेब करताना दोन ठिकाणी चूक होते. मुदत नियुक्तीच्या अधिसूचनेच्या तारखेपासून मोजायची नसते, तर आयुक्त पद ग्रहण करतात त्या दिवसापासून मोजायची असते, आणि या दोन तारखांमध्ये काही दिवसांचे अंतर असू शकते. दुसरे, वय पाहिल्याशिवाय तीन वर्षे धरून चालू नका. साठी ओलांडलेल्या, बहुधा प्रशासकीय सेवेतून निवृत्त झालेल्या व्यक्तीची नियुक्ती होते आणि ती साडेत्रेसष्टाव्या वर्षी झाली असेल तर मुदत दीड वर्षाचीच उरते. एखाद्या आयुक्तालाच पुढे मुख्य आयुक्त नेमले तर ते चालते, परंतु दोन्ही पदांवरचा एकूण काळ पाच वर्षांपेक्षा अधिक होता कामा नये.

वयाची अट किती बोचते ते केंद्रीय माहिती आयोगाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. दीपक संधू ५ सप्टेंबर २०१३ ला मुख्य माहिती आयुक्त झाल्या आणि त्याच डिसेंबरमध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर सुषमा सिंह आल्या, त्या मे २०१४ पर्यंत राहिल्या. मग राजीव माथुर आले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये गेले. एका वर्षाच्या आत तीन मुख्य आयुक्त झाले, आणि माथुर यांच्यानंतर ते पद सुमारे दहा महिने रिकामे राहिले. जून २०१५ मध्ये ते भरले तेव्हा नेमलेले विजय शर्मा त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला वयोमानानुसार निवृत्त झाले. हे सगळे कायद्यात पाच वर्षांची मुदत लिहिलेली असतानाचे आहे, हे विसरू नका. म्हणूनच ‘पाचाची तीन केली म्हणून आयोग खिळखिळे झाले’ हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. नवा आयुक्त पहिले पाच-सहा महिने कायद्याशी आणि खंडपीठातल्या जुन्या फायलींशी जुळवून घेण्यात घालवतो, हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे तीन वर्षांची मुदत अपुरी आहे हे खरेच. परंतु त्या दुरुस्तीत मला अधिक खटकते ती गोष्ट वेगळी आहे. जी मुदत संसदेने कायद्यातच लिहून ठेवली होती, ती आता केंद्र सरकार नियमांनी ठरवते, आणि तीही राज्यांच्या आयुक्तांसह. ज्याच्या कार्यालयाविरुद्ध निर्णय द्यायचा, त्यानेच निर्णय देणाऱ्याची मुदत ठरवावी, हे काही योग्य नव्हे.

आता तुमच्या अपिलाकडे येतो. येथे उत्तर तुमचे अपील नेमके कोणत्या अवस्थेत आहे यावर अवलंबून आहे, आणि तुमच्या लिखाणावरून ते पूर्णपणे उलगडत नाही, म्हणून शक्यता मांडतो.

आयुक्तांनी निर्णय लिहून, सही करून ठेवला असेल आणि तो फक्त टपालात पडायचा राहिला असेल, तर काळजीचे कारण नाही. पदावर असताना सही झालेला निर्णय नंतर रवाना झाला तरी तो वैध असतो. असे प्रकरण माझ्याकडे एकदा झाले होते. कोणत्या खंडपीठात ते सांगत नाही. निर्णयावर आयुक्तांच्या शेवटच्या दिवसाची तारीख होती आणि पाकीट तीन आठवड्यांनी आले. समोरच्या कार्यालयाने लगेच आक्षेप घेतला की आयुक्त गेल्यावर मागील तारीख टाकून हा निर्णय तयार केला आहे. माझ्या अशिलाने पाकीट फेकले नव्हते, हे आमचे नशीब. पाकिटावर जावक क्रमांक हाताने लिहिलेला होता. आम्ही आयोगाकडेच नव्याने माहितीचा अर्ज करून त्या आठवड्याच्या जावक नोंदवहीच्या पानाची प्रत मागवली, तेव्हा निवृत्तीच्या दिवशी जवळजवळ दोनशे निर्णय एकाच वेळी आवक-जावक शाखेकडे उतरवले गेल्याचे आणि ते क्रमाक्रमाने बाहेर पडल्याचे दिसले. आक्षेप तेथेच संपला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की आयोगाचे पाकीट निर्णयाच्या मागे टाचून ठेवा.

निर्णय तोंडी सांगितला पण लिहिलाच नाही, किंवा लिहिला पण सही झाली नाही, अशी स्थिती असेल तर तो निर्णय नाही. पदावधी संपलेल्या क्षणापासून आयुक्तांना सही करण्याचा अधिकार उरत नाही, आणि ‘उत्तराधिकारी येईपर्यंत पदावर राहतील’ अशी सवलत या कायद्यात कोठेही नाही. अशा वेळी नव्या आयुक्तांनी जुन्यांची टिपणे वाचून परस्पर निर्णय देणेही योग्य नव्हे. ज्याने ऐकले त्यानेच ठरवावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच, आंध्रातील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात, सांगून ठेवले आहे. तेथे सचिवांनी आक्षेप ऐकले होते आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला होता. म्हणजे तुम्हाला पुन्हा तारीख मिळणार आणि पुन्हा बोलावे लागणार. तुमचे अपील मात्र रद्द होत नाही, नव्याने दाखल करावे लागत नाही, आणि वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुन्हा लावावा लागत नाही. अपील आयोगाकडे असते, आयुक्ताच्या नावे नसते. त्याचा क्रमांक तोच राहतो.

ही फेरसुनावणी कधी, हा यातला सर्वांत अनिश्चित भाग. आपल्या राज्यात मुख्यालयाखेरीज बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर अशी खंडपीठे आहेत. एखाद्या खंडपीठाचे आयुक्त गेले आणि नवे आले नाहीत, तर मुख्य आयुक्त दुसऱ्या आयुक्ताकडे अतिरिक्त कार्यभार देतात, कारण आयोगाच्या कामकाजाचे व्यवस्थापन कलम १५(४) नुसार त्यांच्याकडे असते. अतिरिक्त कार्यभार असलेला आयुक्त स्वतःच्या खंडपीठाचे काम सांभाळून आठवड्यातले एक-दोन दिवस तुमच्याकडे देतो, बहुधा दूरदृश्य प्रणालीद्वारे. तेव्हा आधी कोणती प्रकरणे घ्यायची हा ज्याचा त्याचा शिरस्ता. काही जण ज्येष्ठ नागरिकांची घेतात, काही सर्वांत जुनी, काही जण राखून ठेवलेली. २०२४ च्या मध्यात महाराष्ट्र आयोगाकडे एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी पडून होत्या, त्यावरून रांगेची लांबी लक्षात येईल. आणि आपल्याकडे निदान रांग पुढे सरकते. झारखंडमध्ये मे २०२० नंतर आयुक्तच उरले नाहीत आणि तो आयोग वर्षानुवर्षे बंद राहिला.

मुख्य आयुक्ताचे पद रिकामे झाले तर काय, हे या कायद्याने सांगितलेलेच नाही. केंद्रीय दक्षता आयोगाच्या कायद्यात आयोगाच्या प्रमुखाच्या, म्हणजे केंद्रीय दक्षता आयुक्ताच्या, जागी एका दक्षता आयुक्ताला तात्पुरते काम पाहण्याची तरतूद आहे. लोकपालाच्या कायद्यातही ज्येष्ठतम सदस्याकडे ते काम देता येते, आणि त्या तरतुदीचा उपयोग झालाही. न्या. पिनाकी चंद्र घोष मे २०२२ मध्ये सत्तरी पूर्ण करून गेल्यावर न्या. अजय खानविलकर मार्च २०२४ मध्ये येईपर्यंत लोकपाल संस्था प्रभारीवरच चालली. माहिती अधिकाराच्या कायद्यात तेवढीही सोय लिहिलेली नाही.

खुर्ची रिकामी ठेवण्याला कारण मात्र नाही. माहिती अधिकार कार्यकर्त्या अंजली भारद्वाज यांच्या याचिकेवर १५ फेब्रुवारी २०१९ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने जाहिरात आणि निवडीची प्रक्रिया पद रिक्त होण्याच्या एक-दोन महिने आधीच सुरू करावी असे सांगितले होते. राज्यात निवड करणारी समिती तिघांचीच असते: मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेते आणि मुख्यमंत्र्यांनी नेमलेले एक मंत्री. विरोधी पक्षनेता मान्यताप्राप्त नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता चालतो, असे स्पष्टीकरणही कलमात आहे, त्यामुळे ती सबबही उरत नाही. निवृत्तीची तारीख तीन वर्षे आधी ठाऊक असताना तिघांची बैठक होत नाही, याला इच्छा नाही एवढेच म्हणावे लागते.

आता या महिन्यात काय करावे. आधी तारीख पक्की करा. सामान्य प्रशासन विभागाची नियुक्तीची अधिसूचना राजपत्रात असते, आणि पदग्रहणाची तारीख व जन्मतारीख खंडपीठाच्या कार्यालयात विचारली तरी मिळते. ऐकीव तारखेवर धावपळ करू नका, कारण मी एकदा अशाच ऐकीव तारखेवर अशिलाला घाईने पत्र लिहायला लावले आणि आयुक्त पुढे आठ महिने पदावर होते.

तारीख खरी निघाली तर खंडपीठाच्या कार्यालयाला एक पानी पत्र द्या आणि त्यावर पोच घ्या. अपील क्रमांक, सुनावणीचा दिनांक, कोण हजर होते आणि निर्णय राखून ठेवला आहे, एवढेच लिहा, आणि आयुक्तांचा पदावधी संपण्यापूर्वी निर्णय निर्गमित व्हावा अशी विनंती करा. कायद्यात द्वितीय अपील निकाली काढण्यास कालमर्यादा नाही, त्यामुळे ‘हक्काने मागतो’ अशी भाषा येथे उपयोगी पडत नाही. पत्रात उशिराबद्दल आरोपही नकोत. पत्राचा हेतू इतकाच की शेवटच्या आठवड्यात कक्ष अधिकारी राखून ठेवलेल्या फायलींचा गठ्ठा आत नेतील तेव्हा तुमची फाईल त्यात असावी.

पण हे पत्र द्यावेच का, यावर थोडे थांबून विचार करा. हा सल्ला मी सरसकट देत नाही. शेवटच्या आठवड्यातले निर्णय अनेकदा चार ओळींचे असतात. ‘जन माहिती अधिकारी यांनी उपलब्ध माहिती पंधरा दिवसांत द्यावी, अपील निकाली काढण्यात येत आहे’ एवढ्यावर प्रकरण संपते. यातला ‘उपलब्ध’ हा शब्द मारक आहे, कारण पंधराव्या दिवशी ‘मोजमाप पुस्तिका अभिलेखात उपलब्ध होत नाही’ असे उत्तर येते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. आयोगाला स्वतःच्या निर्णयाचा पुनर्विचार करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही, तेव्हा असा निर्णय हाती पडल्यावर उच्च न्यायालयात रिट याचिका एवढाच मार्ग राहतो. म्हणून सुनावणीत आयुक्तांनी तुमचे म्हणणे नीट ऐकले असेल, अधिकाऱ्याला पुस्तिका कोठे आहे असे विचारले असेल, तर पत्र अवश्य द्या. सुनावणी दोन मिनिटांत आटोपली असेल तर मी नव्या आयुक्तांसमोर फेरसुनावणीची वाट पाहणे पसंत करीन, मग त्यात सहा-आठ महिने गेले तरी चालतील. माझ्या ओळखीचे काही अनुभवी अपिलार्थी याच्याशी सहमत नाहीत. हातात पडेल तो आदेश घ्यावा आणि पालन झाले नाही तर कलम १८ खाली तक्रार करावी, असे ते म्हणतात. ज्याला माहितीची घाई आहे त्याच्यासाठी त्यांचे म्हणणे चुकीचे नाही.

पत्र द्या किंवा न द्या, पुढील दोन कामे कराच. पहिले, लेखी युक्तिवाद आताच दाखल करा, दोन पानांपेक्षा मोठा नको. जोडपत्र ‘अ’ चा मूळ अर्ज कधी दिला, तीस दिवस कधी संपले, जोडपत्र ‘ब’ चे प्रथम अपील कधी केले आणि आजपर्यंत किती दिवसांचा विलंब झाला, हे तारीखवार लिहा. नव्या आयुक्तांच्या पुढ्यात फाईल उघडेल तेव्हा तुमच्या आठवणीतली सुनावणी तेथे नसेल, हे दोन कागद असतील. दुसरे, संबंधित कार्यालयाला स्वतंत्र पत्र देऊन कळवा की मोजमाप पुस्तिका प्रलंबित अपिलाचा विषय आहे आणि ती नष्ट करू नये. अभिलेख निंदणीकरणात (जुने कागद नष्ट करण्यात) गेला असे उत्तर नंतर येऊ शकते, आणि त्या वेळी तुमच्या हाती पोच असणे मोलाचे ठरते.

दंडाच्या बाबतीत उशिराचा फटका खरोखर बसतो. कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती होते, म्हणजे शंभर दिवसांच्या विलंबानंतर रक्कम वाढत नाही, तुमच्याकडे तर शंभर दिवस केव्हाच उलटले आहेत. पण शास्तीपूर्वी अधिकाऱ्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. जुन्या आयुक्तांनी कारणे दाखवा नोटीस काढली असेल तरी खुलासा नव्या आयुक्तांना ऐकावा लागेल, आणि तोवर तो अधिकारीही बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेला असतो. त्याचे नाव आणि त्या काळातील पदनाम लेखी युक्तिवादात नोंदवून ठेवा.

उच्च न्यायालयात आताच जावे का? ‘अपील अमुक महिन्यांत निकाली काढावे’ असा निर्देश मागता येतो, आणि तो मिळाल्याची उदाहरणे आहेत, परंतु खंडपीठात आयुक्तच नसतील तर त्या निर्देशाचे पालन अतिरिक्त कार्यभारावरच्या आयुक्ताला करावे लागते. मी साधारणपणे नवे आयुक्त येऊन तीन महिने झाल्यावरच तो विचार करतो. तुम्ही कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातले असाल, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात फिरते खंडपीठ सुरू झाल्यामुळे मुंबईची खेप वाचते, एवढा फरक पडला आहे.

शेवटचा प्रश्न आयुक्ताला हटवण्याचा. निर्णयाला उशीर झाला, एवढ्यावर आयुक्ताला पदावरून दूर करता येत नाही. कलम १७ नुसार गैरवर्तणूक किंवा असमर्थता असेल तर राज्यपालांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवायचे, न्यायालयाने चौकशी करून तसा अहवाल द्यायचा, आणि त्यानंतरच राज्यपाल आदेश काढतात. चौकशी चालू असताना निलंबन करता येते. नादारी, नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल शिक्षा, पदावर असताना दुसरी पगारी नोकरी, शारीरिक वा मानसिक दुर्बलता, किंवा कामावर परिणाम होईल असा आर्थिक हितसंबंध, एवढ्या कारणांपुरते न्यायालयाकडे न पाठवता राज्यपाल थेट दूर करू शकतात. आमदारांना सांगून काही होणार नाही, आणि होऊ नये. ज्या दिवशी आमदाराच्या सांगण्यावरून आयुक्त जाईल, त्या दिवशी तुमच्या पाणीपुरवठा योजनेचा ठेकेदारही आमदाराकडेच जाईल.

नियुक्तीतच दोष असेल तर मात्र मार्ग वेगळा आहे, आणि तो वापरला गेला आहे. केंद्रीय दक्षता आयुक्त पी. जे. थॉमस यांची नियुक्ती सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०११ रोजी रद्द केली. त्यांच्याविरुद्धचे पामोलिन प्रकरण (केरळमधील पामतेल आयातीतील कथित भ्रष्टाचाराचा खटला) शिफारस करणाऱ्या समितीने विचारात घेतले नव्हते, हा दोष होता. ते हटवणे नव्हते, नियुक्तीच टिकली नाही. तुमच्या तक्रारीत असे काही दिसत नाही.

तुमच्या सुनावणीत नेमके काय झाले, अधिकारी हजर होता का आणि त्याने पुस्तिकेबद्दल काय सांगितले, हे कळवलेत तर पत्र द्यावे की वाट पाहावी हे मला अधिक नेमके सांगता येईल. तोवर पदग्रहणाची तारीख तेवढी मिळवून ठेवा.